हर्सूलच्या फाटकापासून शेवटच्या नकलेपर्यंत

शिक्षा संपायला पाच-सहा महिने उरले की बराकीत हिशोब सुरू होतात. शिक्षेत किती दिवसांची माफी जमली, दंड भरलाय का, न्यायला कोण येणार. 2018 च्या उन्हाळ्यात हर्सूल मध्यवर्ती कारागृहात माझेही हेच हिशोब चालले होते. तेव्हा परभणीकडच्या एका वयस्कर कैद्यानं मला विचारलं, "बाकीच्या केशी कुठं कुठं हायत तुझ्या?"

त्या प्रश्नापासूनच सांगायला लागतो. गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातला एक पोरगा सुटून आला. त्याचा बाप माझ्याकडे आला आणि म्हणाला, याला दोन गोष्टी सांग. तोंडी सांगितलेलं कोण लक्षात ठेवतं, म्हणून मोबाईलवर लिहून काढतोय.

माझा धंदा मोटारसायकली उचलायचा. बीड, अंबाजोगाई, लातूर या पट्ट्यातल्या आठवडी बाजारातून गाडी उचलायची आणि कागदाविना आठ-दहा हजारांत खेड्यात विकायची. 2015 च्या दसऱ्याच्या तोंडावर सापडलो. पाच गुन्हे लागले. दोन खटल्यांत शिक्षा झाली, तीन तसेच पडून राहिले. दोन्ही शिक्षा मी एकामागून एक भोगल्या. आधीच शिक्षा भोगत असलेल्या माणसाला दुसरी लागली तर ती पहिली संपल्यावर सुरू होते. दोन्ही एकदम चालाव्यात असं कोर्टानं म्हटलं तरच तसं होतं, आणि त्यासाठी कोणीतरी मागणी करावी लागते. माझ्यासाठी कोणी केली नाही. ज्यांच्या घरचं कोणी आत आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा, निकालाच्या दिवशी वकिलाला याची आठवण करून द्या.

म्हाताऱ्याचं म्हणणं असं, की सुटायच्या दिवशी फाटकावर आई उभी असते आणि शेजारी दुसऱ्या ठाण्याची जीपही उभी असते. पडून राहिलेल्या केसमध्ये वॉरंट असेल तर माणूस एका दारातून निघून दुसऱ्या दारात जातो. त्यानं मला तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रात अर्ज करायला लावला. कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. बाहेरून विचारायचं असेल तर 15100 हा विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे. वकील मिळायला दोन-अडीच महिने गेले. तिन्ही केसचे नंबर निघाले. त्यातल्या दोन केसमध्ये जामीन आधीच झाला होता, फक्त जामीनदार न मिळाल्यानं कागद तसाच अडकलेला. वकिलानं अर्ज करून तिन्हींत जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय माझ्याच हमीवर, भागवलं.

आत एक सल्ला फार चालतो: राहिलेल्या केसमध्ये कबुली देऊन टाक, भोगलेल्या शिक्षेवर सोडतात, झंझट मिटते. काहींची खरंच मिटते. पण चोरीच्या गुन्ह्यात आधी शिक्षा झालेल्या माणसाला पुढच्या गुन्ह्यात जास्त शिक्षा देता येते. जुन्या दंडविधानात ते कलम 75 होतं, नव्या न्याय संहितेत 13 आहे. म्हणून वकिलाला न विचारता कबुली देऊ नका.

दंडाचे पैसे आक्कानं, माझ्या मोठ्या बहिणीनं भरले. दंड भरला नाही की तेवढ्यासाठी वेगळी कैद असते. 2023 पासून गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, सुरू झाली तेव्हा दंडासाठी 25 हजारांपर्यंत आणि जामिनासाठी 40 हजारांपर्यंत मदत ठरली होती. आमच्या वेळी ती नव्हती.

ऑगस्ट 2018 ला सुटलो. जमा असलेले कपडे, मजुरीचे साठलेले चार हजारांच्या आसपास रुपये आणि तिकिटापुरते पैसे मिळाले. तेव्हाच्या औरंगाबादहून बीडची एसटी, तिथून वडवणी, तेलगाव करत धारूरकडे. ते दुष्काळाचं वर्ष होतं. गेवराई मागे पडली तसं दोन्ही बाजूंची कपाशी गुडघ्याच्या वर गेलेली दिसेना.

गावात आल्यावर सगळे एकच वाक्य बोलतात, "आता सुधर." सुधरायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. दिवस कसाही निघतो. संध्याकाळ निघत नाही. पारावर जावं तर माणसं गप्प होतात, घरात बसावं तर आई तोंडाकडे बघत बसते. आणि बरोबर त्याच वेळेला जुने मित्र गाडी घेऊन येतात. त्यांना तुमची लाज वाटत नाही, ते चहा पाजतात, खिशात दोनशे कोंबतात. मला विचाराल तर माणूस परत चोरीकडे जातो तो यामुळे. तुरुंगाची भीती तोवर संपलेली असते, कारण तुरुंग बघून झालेला असतो. सगळे विचारतात, आतल्या त्रासामुळं थांबलास का? नाही. आत मी आणखी दोन प्रकारची कुलुपं शिकलो होतो.

गणपती बसायच्या आधी ठाण्यातून बोलावणं आलं. चॅप्टर केस. तेव्हाच्या कायद्यातलं 110, आता नागरिक सुरक्षा संहितेत 129. नव्यानं काही केलेलं नसलं तरी जुन्या नोंदीवरून चांगल्या वागणुकीचा बंधपत्र लिहून घेतात, तीन वर्षांपर्यंतचा घेता येतो. माझा एका वर्षाचा होता, 25 हजारांचा, आणि एक ऐपतदार जामीनदार पाहिजे. जामीनदार म्हणजे त्याचा सातबारा, त्याचं आधार, तहसीलचा ऐपतीचा दाखला, आणि तो माणूस स्वतः कचेरीत हजर. आई चार घरी जाऊन आली. चुलत्यानं सातबाऱ्यावर बँकेचा बोजा आहे असं सांगितलं, आणि तो खरंच होता, त्याला नावं ठेवत नाही.

शेवटी गावातले एक माळकरी आले, त्यांना सगळे नाना म्हणतात. कोरडवाहू तीन एकर. त्यांनी सातबारा काढून आणला आणि माझ्या हातात दिला, "झेरॉक्स मारून आण. मूळ हरवू नको." मला एकट्याला तालुक्याला पाठवलं, कागद घेऊन. मी फोटोकॉपीच्या दुकानात उभा राहून त्या कागदाकडे बघत होतो. तीन वर्षांत मला कोणी काही सांभाळायला दिलं नव्हतं.

तहसीलला चकरा झाल्या. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा दाखल्यावर शिक्का पुसट. नाना प्रत्येक वेळी डबा बांधून आले. स्टॅम्प, टायपिंग, एसटी धरून सगळं मिळून हजार-बाराशे खर्च आला. सांगायचं एवढंच की ऐपतीचा दाखला आधी काढून ठेवा, त्याच कागदाला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

दसऱ्यानंतर दाजी आणि आक्का ऊसतोडीला निघाले. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मी एकटा म्हणून त्यांच्यासोबत अर्धा कोयता म्हणून गेलो. मुकादमानं तीस हजार उचल दिली. टनाला तेव्हा अडीचशेही मिळत नव्हते. कारखाना सांगली जिल्ह्यातला. पहाटे चारला फडात, दिवसभर तोड आणि मोळ्या, रात्री एक-दोनला ट्रॅक्टर आला की भरायला हाक. उसाच्या पाल्यानं हात सोलून निघतात. या कामाचं कौतुक मी करणार नाही, आमच्या जिल्ह्यातल्या माणसांचं कंबरडं त्यानं मोडलंय. पण माझ्यापुरतं खरं ते असं, की दिवाळीत माझा जुना जोडीदार गावात येऊन माझी चौकशी करून गेला आणि मी तिथं नव्हतो. मी त्याला नाही म्हणालो असं नाही. नाही म्हणायची वेळच आली नाही. खिशात पैसे नसताना तो समोर आला असता तर काय झालं असतं, कोणास ठाऊक.

कोर्टाचं मात्र तिकडे बिनसलं. जाताना हजेरी माफीचा अर्ज द्यायला सांगून गेलो होतो, तो दिला गेला नाही आणि एका केसमध्ये अजामीनपात्र वॉरंट निघालं. मार्च 2019 मध्ये परत आलो तेव्हा ते कळलं. अशा वेळी पळू नका. वकील घेऊन स्वतः सकाळी अकराला कोर्टात हजर व्हा, वॉरंट रद्दचा अर्ज द्या. मला पाचशे रुपये दंड झाला आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं, बस. आणि शुक्रवारी जाऊ नका. अर्ज लटकला तर शनिवार-रविवार आत जातो. आता मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप आहे, केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. मी तो नंबर आईच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवायचो.

चैत्रात गावात सप्ताह असतो, हनुमान जयंतीला काला. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून दोन-दोन तासांचे पहारे लावतात. दिवसाचे पहारे लवकर भरतात. रात्री दोन ते चारचा कोणाला नको असतो. नानांनी यादीत माझं नाव तिथं टाकलं. काही जण कुरकुरले, देवळात दानपेटी आहे म्हणून. नाना म्हणाले, "दोन ते चार जागं राहायची सवय गावात याच्याइतकी कोणाला हाय?" लोक हसले, मीही हसलो. चेष्टा होती, पण माझ्यासमोर केलेली होती. तोवर माझ्याबद्दल जे काही बोललं जायचं ते मागं बोललं जायचं.

पहिल्या रात्री वीणा गळ्यात घेऊन उभा राहिलो. आधीच्या माणसानं पायाला हात लावून वीणा दिली, हा रिवाजच आहे, वीणेकऱ्याच्या पाया पडतात. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस. त्या दोन तासांत भजन जमलं नाही, नुसतं जय जय राम कृष्ण हरी म्हणत टाळक्यात दुसरेच विचार. दानपेटीचं कुलूपही दिसत होतं, साधं पितळी होतं. खोटं कशाला लिहू? दिसत होतं. चार वाजता काकड्याची माणसं आली, वीणा दिली आणि घरी जाऊन झोपलो. दुसऱ्या रात्री ते कुलूप कमी दिसलं. पुढे शिध्याची वही माझ्याकडे आली: कोणी किती पायली ज्वारी दिली, किती गहू, वर्गणीच्या पावत्या. पावतीपुस्तक तपासायला नाना मुद्दाम दुसऱ्या माणसाला बसवायचे, आणि ते मला बरं वाटायचं. हिशोब जुळला की जुळल्याचा साक्षीदार असायचा.

आषाढीला पंढरपुरात माळ घातली. माळकऱ्याला दारू नाही, मटण नाही, म्हणजे धाब्यावर बसायचं कारणच संपतं. जुन्या मंडळींना माझ्यासमोर पिताना अवघडायला लागलं, हळूहळू तेच टाळायला लागले. सगळ्यांनी माळ घालावी असं माझं म्हणणं नाही. बराकीतला जालन्याचा एक मित्र चाळीस दिवस तबलिगी जमातीत गेला, त्याचंही असंच झालं. दुसरा एक जण सुटून परत आत गेला, परत सुटला, आणि आता शेळ्या पाळतो. त्याचं थांबणं असं अडखळत झालं, पण झालं.

आणि एक मित्र पारध्याचा. तो माझ्याआधी थांबला होता. मी थांबलोय हे गावाला दोन-तीन वर्षांत पटलं. त्याच्या पालावर मात्र पंचक्रोशीत कुठं कुलूप तुटलं की आधी झडती. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, 1952 मध्ये तो कायदा गेला. झडती गेली नाही. सुधारणेच्या गोष्टी लिहिणाऱ्यांनी त्याच्याकडे जाऊन लिहाव्यात, मग माझी गोष्ट किती सोपी होती ते कळेल.

2020 च्या मार्चमध्ये दुसऱ्या हंगामाच्या शेवटी लॉकडाऊन लागला आणि आम्ही कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांवर, अडकलो. एप्रिलच्या मध्यावर सरकारनं परवानगी दिल्यावर गावी आलो. वर्षभर कोर्टाच्या तारखा नुसत्या पुढे ढकलल्या गेल्या.

2021 मध्ये आईच्या बचत गटातून तीस हजारांचं कर्ज घेऊन फाट्यावर दुचाकी दुरुस्तीचं दुकान टाकलं. बँकेनं आधी नाही म्हटलं होतं. येरवड्यात 2022 मध्ये राज्य सहकारी बँकेनं कैद्यांसाठी जिव्हाळा नावाची कर्ज योजना काढली हे नंतर वाचलं, आत असणाऱ्यांनी आपल्या तुरुंगात विचारून बघावं. दुकानावर पहिल्या महिन्यात फक्त पंक्चर यायची, कारण पंक्चर काढताना मालक शेजारीच उभा राहतो. गाडी सोडून जायला लोकांना वेळ लागला. मी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली: गाडी नंबर, मालकाचं नाव, आरसीची झेरॉक्स, सही. कागद नसलेल्या गाडीचा स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही. ज्यांना असं दुकान टाकायचंय त्यांनी ही वही ठेवाच. बीटचे हवालदार दर पंधरवड्याला यायचे, वही चाळायचे आणि चहा घेऊन जायचे.

त्याच वर्षी राहिलेल्यांपैकी एक केस लोकअदालतीत मिटली. साध्या चोरीत गाडीच्या मालकाची तयारी असेल तर तडजोड करता येते आणि तडजोड झाली की त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. मालक दूध घालणारे होते. त्यांच्या घरी जायला मी नानांना सोबत नेलं. बाईंनी दार उघडलं आणि ओळखून आत निघून गेल्या. ते मात्र बाहेर येऊन बसले. म्हणाले, "गाडी तू नेलीस, ती महिन्यात सापडली. पण ठाण्यातून सुपूर्दनाम्यावर सोडवायला आठ महिने लागले. उन्हात टायर गेले, टाकीत पाणी गेलं. तेवढे महिने मी सायकलवर दूध घातलं. कामून माफ करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. विकताना मी गाडीचे आठ हजार मोजले होते, सायकलवरचे आठ महिने कोण मोजतो? मी हात जोडून बसून राहिलो. शेवटी त्यांनी टायरचे पैसे मागितले, ते दोन हप्त्यांत दिले. डिसेंबरच्या लोकअदालतीत त्यांनी सही केली. ते आजही माझ्याशी बोलत नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे.

2022 मध्ये तुळजापूरच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतला एक विद्यार्थी सुटलेल्या माणसांशी बोलत फिरत होता, दुकानावर आला. त्यानं अमेरिकेतल्या बॉस्टनची एक गोष्ट सांगितली. तिथं 1940 च्या सुमारास एका संशोधक जोडप्यानं सुधारगृहातल्या 500 पोरांची माहिती जमवली होती. ते कागद पुढे एका ग्रंथालयाच्या तळघरात सापडले, आणि सॅम्प्सन आणि लॉब या दोघांनी त्या पोरांचा सत्तरीपर्यंत माग काढला. जवळजवळ सगळे कधी ना कधी थांबले होते. लग्न, काम, लष्कर, जागा बदलणं, असं काहीतरी मध्ये आलं होतं. बऱ्याच जणांनी थांबायचं ठरवलंही नव्हतं, आयुष्य बदललं तसं ते मागे पडलं. मला हे लगेच पटलं, कोयत्यावर माझं तेच झालं होतं. लिव्हरपूलमध्ये असाच अभ्यास केलेल्या मारुना नावाच्या संशोधकाचं त्यानं दुसरं काही सांगितलं: थांबलेली माणसं आपली गोष्ट अशी सांगतात की मी मुळात चांगलाच होतो, परिस्थितीनं बिघडवलं. हे मला अर्धंच पटलं. परिस्थिती होतीच, पण आमच्या गल्लीत त्याच परिस्थितीत वाढलेल्या पोरांनी गाड्या उचलल्या नाहीत. लग्नाचंही तसंच. लग्नानं माणूस सुधारतो म्हणतात, पण आमच्याकडे आधी दुकान दिसल्याशिवाय पोरगी कोण देतो? माझं लग्न दुकानानंतर झालं. सोयरीक जुळायच्या आधी मी तिच्या वडिलांना पाचही केस नंबरासह सांगितल्या. ते दोन दिवस थांबले आणि गावात चौकशी करून हो म्हणाले.

उरलेल्या दोन केसपैकी एकीत पंच फितूर झाले आणि 2022 मध्ये सुटलो. शेवटची सगळ्यात लांबली, कारण सोबतचा आरोपी फरार होता. वकिलानं माझा खटला वेगळा चालवायचा अर्ज केला, मग हालला. 2023 च्या जुलैमध्ये निकाल लागला, निर्दोष. बाहेर येऊन आईला फोन केला. ती म्हणाली, "बरं. येताना तुरीची डाळ आण."

निकाल लागला म्हणजे काम संपलं असं समजू नका. प्रत्येक निकालाची प्रमाणित नक्कल काढा, अर्ज त्याच दिवशी द्या. ठाण्याच्या यादीतून आपलं नाव आपोआप जात नाही, आणि चारित्र्य पडताळणीला अर्ज केला की तिथं जुनी केस प्रलंबित म्हणूनच दिसते. म्हणून मी सगळ्या नकलांचा एक संच करून ठाण्यात घेऊन गेलो. टेबलावरच्या जमादारांनी चाळून बघितला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, "ठीक हाय. गणपतीत एकदा सही करून जा तरी."

मी म्हणालो, "येतो साहेब. आधी याची पोच द्या."